मदत हवी आहे: राजीनामा देऊन ठेकेदाराकडे जावं का?

माझे वडील कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) 2001 पासून मोल्डर, म्हणजे साचे बनवणारे, आहेत. थोरले मालक होते तोवर सगळं तोंडी चालायचं. माझ्या बारावीच्या फीसाठी उचल, जोतिबाच्या यात्रेला सुट्टी, खंडेनवमीला मालकांचं सगळं घर पूजेला हजर. आता कारभार मुलाकडे आलाय. हजेरी मोबाईलवर, बोलणं एचआरशी. ते मला चुकीचं वाटत नाही, हिशेब चोख राहतो. पण आता जुन्या माणसांना सांगितलंय: राजीनामा द्या, काम तेच, पगार तोच, फक्त नाव ठेकेदाराकडे.

वडील सही करायला निघालेत. "त्या घरचं मीठ खाल्लंय," म्हणतात. मला मात्र झोप नाही. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, वर्षामागे 15 दिवसांच्या पगाराची, तीही शेवटच्या पगारावर. ती राजीनाम्याबरोबर मिळेल, की "नंतर बघू"? ठेकेदाराकडे नोकरी नव्यानं मोजतात ना?

उद्यमनगर, गोकुळ शिरगाव, कागलकडे कुणी यातून गेलं असेल तर सांगा. सहीआधी लेखी काय मागायचं? आधी कामगार आयुक्त कार्यालयात जावं की वकिलाकडे? मालकांशी संबंध न तोडता बोलता येत असेल, तरच वडील ऐकतील. सोमवारी उत्तर द्यायचंय.