धुक्यातल्या भोंग्याचा अर्थ कसा लावावा?

प्रश्न (हर्णै)
गेल्या माघात पहाटे बंदराकडे परतताना इतके दाट धुके पडले, की सुकाणूपाशी उभे राहून नाळेवरचा खलाशीसुद्धा दिसेना. तेवढ्यात डावीकडून एक लांब आणि लगोलग दोन आखूड भोंगे ऐकू आले. दोन मिनिटांच्या आत पुन्हा तेच. तांडेलांनी इंजिन मंद केले आणि पुढे कोणीतरी जाळे ओढत आहे, असे सांगितले. केवळ भोंग्यावरून हे ठरवता येते का? आमची बोट अकरा मीटरची आहे. आम्हीही भोंगा द्यायला हवा होता का?

उत्तर १ (व्यापारी जहाजावरील निवृत्त अधिकारी, रत्नागिरी)
तांडेलांनी वेग कमी केला हे अगदी योग्य झाले, पण जाळे ओढणारी बोटच असेल असे ठरवता येत नाही. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतील ३५ व्या नियमाप्रमाणे मासेमारी करणारी बोट, शिडाचे जहाज, दुसऱ्याला ओढून नेणारा टग, ताबा सुटलेले जहाज, हे सगळेच हा एकच इशारा देतात. ‘मला सहज बाजूला होता येणार नाही’ एवढाच त्याचा अर्थ. यंत्रावर चालणारे इतर जहाज चालत असताना दोन मिनिटांच्या आत एक लांब भोंगा देते, आणि इंजिन थांबवून तरंगत असेल तर दोन लांब. लांब भोंगा चार ते सहा सेकंदांचा असतो, आखूड साधारण एका सेकंदाचा.

बारा मीटरपेक्षा लहान बोटीला हेच इशारे देण्याची सक्ती नाही; मात्र दोन मिनिटांच्या आत नीट ऐकू जाईल असा कोणता तरी आवाज तिने केलाच पाहिजे. तेव्हा भोंगा नसला तर पत्र्याचा डबा वाजवा, पण गप्प राहू नका.

उत्तर २ (जयगड)
नांगरलेल्या जहाजाची खूण वेगळी असते. दर मिनिटाच्या आत सुमारे पाच सेकंद घंटा जलद वाजते, आणि जहाज शंभर मीटर किंवा त्याहून लांब असेल तर पुढच्या टोकाला घंटा आणि लगेच मागच्या टोकाला देवळातल्या तासासारखा गाँग वाजतो. दोन्ही आवाज ऐकू आले, तर त्यांच्यामधून वाट काढू नये; मध्ये आख्खे जहाज उभे असते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. आवाज डावीकडून आला होता, म्हणून आम्ही उजवीकडे वळण्याच्या बेतात होतो.

उत्तर १
धुक्यात आवाजाच्या दिशेवर विसंबू नका, कारण तो फसवतो. भोंगा पुढच्या बाजूने आल्यासारखा वाटला, तर सुकाणू ऐकेल एवढाच वेग ठेवा, गरज पडल्यास बोट पूर्ण थांबवा आणि धोका टळेपर्यंत जपून चला. आषाढातल्या मुसळधार पावसातही हाच नियम लागू असतो.