मॉरिस कंजूस होता म्हणून मेला? मला हे पटत नाही

गडवाटा:
काल इथे एकाने बायझंटाईन (पूर्व रोमन) सम्राट मॉरिसबद्दल लिहिलं, ‘मॉरिस चिक्कू, सैनिकांच्या पोटावर पाय दिला, त्याचं फळ भोगलं.’ डोकंच फिरलं. ५८२ साली तो गादीवर आला तेव्हा आधीच्या टायबेरियसने सढळ हाताने वाटून खजिना खाली केला होता. पूर्वेला इराणशी दहा वर्षांचं युद्ध, उत्तरेला अवार आणि स्लाव टोळ्या. तरी ५९१ला त्याने इराणच्या परागंदा खुस्रो राजाला पुन्हा गादीवर बसवलं, सरहद्दीवरचं दारा शहर परत घेतलं. त्याला मारून गादी बळकावणाऱ्या बंडखोर फोकासने काय मिळवलं? इराणशी जे युद्ध पेटलं ते ६२८ला थांबलं!

तिरंदाज:
तो लिहिणारा मीच. ५९१चा इराणशी तह मान्य. पण ५८८ला पगार चौथाईने कापला, पूर्वेची फौज उलटली, सेनापती प्रिस्कसला छावणीतून पळावं लागलं. आणि अवारांनी धरलेले बारा हजार कैदी? खंडणी दिली नाही, सगळे कापले गेले.

गडवाटा:
तो आकडा इतिहासकार थिओफनीसचा, दोनशे वर्षांनंतरचा. त्याच्या आधीचा इतिहासकार थिओफिलॅक्ट त्यावर अवाक्षर काढत नाही. ज्यावरून शेवटी फौज उलटली तो ६०२चा हुकूम, की हिवाळा डॅन्यूब नदीपलीकडे स्लावांच्या मुलखात काढा, तोही लष्करी विचाराचा. झाडं उघडी, नद्या गोठलेल्या, स्लावांना लपायला जागा नाही.

हवालदाराची_लेक:
विचार बरोबर असेल. माझे वडील दोन हिवाळे बर्फात होते. सुट्टीवर आले की आई कोमट पाण्याची परात घेऊन बसायची, डाव्या पायाच्या दोन बोटांना पाणी गरम की गार तेच कळायचं नाही. राजवाड्यात बसून ‘तिथेच राहा, तिथलंच मिळवून खा’ म्हणणाऱ्याची बाजू मी घेणार नाही.

शाईपेन:
मूळ दुखणं पगाराचं. २०२०ला आमचा पगार तीस टक्के कापला, एका ओळीच्या मेलवर. घराचा हप्ता, मुलीची फी. खजिन्यात खडखडाट आहे हे समोर येऊन सांगितलं असतं तर आम्ही सोसलं असतं.

गडवाटा:
तुमची कंपनी आणि साम्राज्य एका तागडीत घालू नका!

शाईपेन:
का नको? घर दोन्हीकडे पगारावरच चालतं. बायकोचं मंगळसूत्र गहाण ठेवलंय मी. आवाज चढवू नका.

हवालदाराची_लेक:
बरोबर बोलताहेत ते. वडिलांची थकबाकी तीन वर्षं अडली होती. कचेरीतला माणूस मान वर करून बघायचाही नाही.

गडवाटा:
माफ करा, चढला आवाज. पण शेवट बघा. राजधानीसमोरच्या चाल्सिडनला मॉरिसची पाच मुलं त्याच्या डोळ्यांदेखत मारली. दाईने धाकट्याला लपवून स्वतःचं बाळ पुढे केलं, तर मॉरिसनेच ते थांबवलं. दुसऱ्याचं लेकरू आपल्यापायी मरू दिलं नाही. याला चिक्कू म्हणायचं?

तिरंदाज:
माणूस म्हणून मोठा, नाही म्हणत नाही. पण हिवाळ्याचा हाच हुकूम त्याने ५९३लाही दिला होता. तेव्हाही फौज बिथरली, प्रिस्कसने समजूत घालून निभावलं. म्हणजे काय होतं ते त्याला ठाऊक होतं. तरी ६०२ला तेच, आणि सेनापती कोण, तर सख्खा भाऊ पीटर.

गडवाटा:
५९३ माझ्या ध्यानातून निसटलं होतं. हा मुद्दा तुमचा. ‘चिक्कू’ हा शब्द मात्र मागे घ्या.

तिरंदाज:
घेतला. ‘हट्टी’ लिहितो.