विषय: दुधाच्या बिलातले १५ सेंट

मंडळी, नमस्कार.
चवथीसाठी घरी आलोय, गोव्यातल्या सावईवेऱ्यात. काल पहाटे भावाबरोबर दूध संस्थेत दूध घालायला गेलो. फॅट लावली, ३.८ आली. पावती खिशात घालत भाऊ म्हणाला, "हल्ली पोरं दूध सोडून कोल्ड्रिंक पितात. तुमच्या अमेरिकेत म्हणे शेतकरीच दुधाची जाहिरात करतात. आम्हीही लिटरमागे दहा पैसे काढले तर?" मला धड उत्तर देता आलं नाही. विस्कॉन्सिनच्या वहिनी डेअरीचा हिशेब बघतात, त्यांनी सांगावं.
– सावईकर

भावजी,
इथे जाहिरातीसाठी शेतकऱ्याकडून घेतात ती ऐच्छिक वर्गणी नव्हे, सक्तीची कपात आहे. १९८३च्या कायद्यानुसार शंभर पौंड, म्हणजे साधारण ४४ लिटर दुधामागे १५ सेंट जातात. त्यातले १० सेंटपर्यंत राज्याच्या किंवा विभागाच्या संस्थेला, बाकीचे राष्ट्रीय मंडळाला.

'गॉट मिल्क?' ही जाहिरात सगळ्यांना आठवते. पण ती १९९३ साली सुरू केली कॅलिफोर्नियातल्या दूध प्रक्रिया करणाऱ्यांनी, स्वतःच्या पैशांतून. शेतकऱ्यांच्या निधीतून शाळांतले कार्यक्रम झाले, पोषणावर संशोधन झालं, आणि चीजवर तर भरपूर जोर दिला गेला. २०१०च्या सुमारास डॉमिनोजला जास्त चीजचे पिझ्झे आणायला याच निधीने हातभार लावला. पिण्याच्या दुधाचा दरडोई खप वर्षानुवर्षं घटतोय, चीजचा वाढतोय.

पण खप वाढला म्हणून गोठा टिकतोच असं नाही. वीस वर्षांपूर्वी विस्कॉन्सिनमध्ये दुधाचे १५ हजारांच्या आसपास गोठे होते, आता सहा हजारही नाहीत. मला सगळ्यात खुपतं ते हे: कायदे-धोरणं बदलून घेण्यासाठी सरकारदरबारी खटपट करायला हा पैसा वापरता येत नाही. शेतकऱ्याचेच पैसे, पण दराचं गाऱ्हाणं त्यातून मांडता येत नाही.
– वहिनी

वहिनी,
तुमचं पत्र भावाला गोठ्यातच वाचून दाखवलं. शेवटचा भाग ऐकून धार काढता काढता त्याचा हात थांबला.

आपल्याकडे अडचण उलटी आहे. गोव्याला लागणारं दूध गोव्यात होत नाही, बरंचसं महाराष्ट्र-कर्नाटकातून येतं. नुसतं 'दूध प्या' सांगितलं तर भावाच्या दहा पैशांवर बाहेरचे टँकर वाढतील. माझं म्हणणं, पैसे काढायचेच तर आधी हिरव्या चाऱ्यासाठी काढा. पेंडीच्या दराने आमच्या वाड्यावरच्या दोघांनी म्हशी विकल्या. भावाला मात्र जाहिरात हवीच आहे, फक्त ती आपल्या गावच्या ताज्या दुधाची हवी. रात्री जेवताना यावरून आमची चांगलीच जुंपली. एका गोष्टीवर एकमत आहे: कपात झाली तर पावतीवर तिची वेगळी ओळ हवी आणि कुठे किती खर्च झाला ते सभेत वाचलं जावं.

पुढच्या आठवड्यात संस्थेची सभा आहे. तुमच्याकडच्या दुधाच्या बिलावर त्या १५ सेंटांची ओळ कशी छापतात, त्याचा फोटो शेतकऱ्याचं नाव झाकून पाठवाल का? भाऊ सभेत दाखवणार आहे.
– सावईकर