जुनी डिझेल फोर्कलिफ्ट गरम झाली की सेल्फ घेत नाही, अख्खी वायरिंग बदलू का?

डाळमिल_जळगाव:
रामराम मंडळी. जळगाव एमआयडीसीत आमची डाळमिल आहे. तीन टनी डिझेल फोर्कलिफ्ट आहे, सेकंडहँड घेतलेली, वीस वर्षांच्या पुढची. 12 व्होल्ट, ऑटो गिअर. सकाळी एका चावीत चालू होते. दुपारी ट्रक भरून बंद केली आणि चहा घेऊन आलं, की चावी फिरवल्यावर नुसता 'टक्' आवाज. कधी कधी तोही नाही. अर्धा-पाऊण तास सावलीत उभी राहिली की पुन्हा शहाण्यासारखी चालू.

बॅटरी नवीन टाकली. सेल्फ (स्टार्टर मोटर) उघडून कार्बन आणि बुश बदलून झाले. लाइट, हॉर्न व्यवस्थित. आता एक वायरमन म्हणतो अख्खी वायरिंग नवी टाका, दुसरा म्हणतो सेल्फच नवा घ्या. दोघांचे आकडे ऐकून वडिलांनी फोर्कलिफ्ट विकायचीच भाषा सुरू केली आहे. ड्रायव्हर तोवर पान्याने सेल्फवर शॉर्ट मारून काम भागवतो. चार्जिंगचा लाल दिवाही कधी पेटत नाही, तो प्रश्न वेगळा. काय करू? जळगाव-भुसावळकडे कोणी चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन असेल तर सुचवा.

अवधान_वर्कशॉप (धुळे):
भाऊ, पहिले तो पाना ड्रायव्हरच्या हातातून काढून घ्या. पान्याने शॉर्ट मारलं की न्यूट्रल स्विच, म्हणजे गिअर न्यूट्रलला असल्याशिवाय सेल्फ फिरू न देणारा, वाटेतून बाद होतो. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर सेल्फ फिरताच ती पुढे निघते, आणि पाना मारणारा चाकाशेजारीच वाकलेला असतो. रिकामी तीन टनी मशीनसुद्धा चार टनांच्या वर भरते. त्यात तुमच्याकडे डाळीचा भुसा. ठिणगी पडायला ती जागा नव्हे.

पण पाना मारला की सेल्फ फिरतो ना? दरवेळी, गरम असतानाही? आणि पाना कुठे लावतो, दोन जाड बोल्टवर की जाड बोल्टवरून छोट्या टर्मिनलवर? तेवढं सांगा, अर्धं निदान तिथेच होईल.

डाळमिल_जळगाव:
ड्रायव्हरला विचारलं. छोट्या टर्मिनलवर लावतो. दरवेळी फिरतो म्हणतो, गरम असली तरी.

निवृत्त_शेडवाला (भुसावळ):
मग सेल्फ चांगला आहे, नवा घेऊ नका. सोलेनॉइड, म्हणजे चावी मारल्यावर जाड केबल सेल्फला जोडणारा चुंबकी स्विच, तोही चांगला. जाड केबलही कामापुरती ठीक असावी. खोट चावीपासून त्या छोट्या टर्मिनलपर्यंतच्या रस्त्यात आहे.

गरम झाल्यावरच का, तेही समजून घ्या. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंश सेल्सिअसला साधारण 0.4 टक्के वाढतो. सकाळी 25 अंशांना असलेली सोलेनॉइडची कॉइल इंजिनाशेजारी 80 पर्यंत तापली, तर तिचा रेझिस्टन्स पाचव्या हिश्शाने जास्त झाला. तेवढा करंट कमी, तेवढी ओढ कमी. मूळ वायरिंगमध्ये दोन-तीन व्होल्ट आधीच वाटेत गळत असतील तर सकाळी कसंबसं निभावतं, दुपारी नाही. आपल्याकडचा मे महिना तर माहीतच आहे, शेडखालीही पत्रा तापतो.

बहुतेक वायरमन इथे फसतात. वायर काढून टोकाला मीटर लावतात, 12 व्होल्ट दिसतात, वायर पास. अहो, लोड नसताना एका तारेवर लटकलेली वायरही 12 दाखवते! करंट वाहत असताना मोजा. त्यासाठी मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर, म्हणजे थेट शिशाच्या खांबावर, केबलच्या लगवर (टोकाच्या कड्यावर) नाही. दुसरी पिन सोलेनॉइडच्या छोट्या टर्मिनलवर. गाडी गरम, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, फोर्क जमिनीवर, चाकांना लाकूड. आता कोणीतरी सीटवर बसून चावी मारायची. मीटर जेवढा आकडा दाखवेल तेवढे व्होल्ट वाटेत खाल्ले जात आहेत. अर्धा व्होल्ट चालेल, एकही सोडून द्या. त्याच्या वर गेलं तर दुसरी पिन मागे मागे आणा: न्यूट्रल स्विचच्या पुढे, मग अलीकडे, चावीच्या स्विचच्या पुढे, मग अलीकडे. आकडा जिथे एकदम पडेल तो सांधा चोर.

हीच पद्धत अर्थला. एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर, आणि सेल्फ मारा. 0.2-0.3 पर्यंत ठीक.

रुईवाला_शिरपूर:
शेडवाले काका बराबर सांगतात. आमच्या जिनिंगमध्ये एक म्हातारी मशीन आहे, तिचा ड्रायव्हर एकच मंत्र म्हणतो: "पहिले अर्थ देख भाऊ, बाकीनं मंग." इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, म्हणून चेसिस ते इंजिन वेगळी पट्टी असते. कोणीतरी इंजिन उतरवताना ती काढतो आणि परत लावायचं विसरतो. मग सेल्फचा करंट अॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट शोधतो. ती केबल गरम लागत असेल तर समजा.

आणि उंदीर! तुमच्याकडे डाळ म्हणजे त्यांची दिवाळी. सीटखालचं बॉनेट उघडून काउंटरवेटकडे जाणारा वायरचा जुडगा हाताने चाचपून बघा.

गॅरेज_नको_रे:
एवढी मोजमापं कोण करतो? नवी वायरिंग टाका, विषय संपवा.

अवधान_वर्कशॉप (धुळे):
टाका की. पण चावीचा स्विच आणि न्यूट्रलचा प्लग जुनाच राहिला तर नव्या वायरिंगवरही टक्-टकच ऐकू येणार. वर पैसेही गेलेले.

डाळमिल_जळगाव:
काकांनी सांगितलं तसं दुपारी गरम गाडीवर मोजलं. बॅटरी प्लस ते छोटं टर्मिनल: 4.9 व्होल्ट! म्हणजे सोलेनॉइडला जेमतेम साडेसात पोचत होते. मागे येत गेलो तर चावीच्या स्विचमध्ये 2.1 आणि न्यूट्रल स्विचच्या प्लगमध्ये 2.3, बाकी किरकोळ. प्लग बाहेरून एकदम टाइट. टेप सोडली तर आत दोन्ही पिना हिरव्या पुडीने भरलेल्या, एक पिन बोटाने हलवताच तुटून हातात आली. अर्थवर सेल्फ फिरताना 0.7. पट्टी आहे, पण रंगावरच बोल्ट मारलेला. उंदरांनी मागच्या लाइटची वायर खाल्लेली निघाली, सेल्फची नाही.

निवृत्त_शेडवाला (भुसावळ):
सापडलं. चावीचा स्विच बदला, उघडून घासत बसू नका. प्लग कापून नवा, पिना पक्कडने दाबून नाही, नीट क्रिंप करून. अर्थच्या बोल्टखालचा रंग चकचकीत लोखंड दिसेपर्यंत खरवडा, बोल्ट कसल्यावर वरून ग्रीस. काम सुरू करण्याआधी बॅटरीचा मायनस काढा, जोडताना तोच शेवटी.

मग सेल्फजवळ 12 व्होल्ट 40 अँपिअरचा एक रिले, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच, बसवा. जाड वायर बॅटरीवरून फ्यूजमधून रिलेला, तिथून छोट्या टर्मिनलला. चावी आणि न्यूट्रल स्विचची जुनी लाइन फक्त रिलेच्या कॉइलला. त्या लाइनवर आता मूठभर करंटसुद्धा नाही, नवा स्विच टिकेल. न्यूट्रल स्विच लाइनमध्ये राहिलाच पाहिजे, कोणी "डायरेक्ट करतो" म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

रुईवाला_शिरपूर:
लाल दिव्याचंही बघून घ्या. चावी ऑन केली, इंजिन बंद, तेव्हा तो पेटायलाच हवा. बऱ्याच अल्टरनेटरना (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) सुरुवातीचा करंट त्याच बल्बातून मिळतो. बल्ब गेलेला असेल तर रेस दिल्याशिवाय चार्जिंग उठत नाही. इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.8 ते 14.4 दिसायला हवेत. एलईडी बल्ब टाकू नका, त्याने पुरेसा करंट जात नाही.

डाळमिल_जळगाव:
बल्बच उडालेला होता. दोन वॅटचा टाकला, आता 14.1 दाखवतो. रिले आणि स्विच बसले, काल भर दुपारी ट्रक भरून लगेच सेल्फ मारला, घेतला. वडील फोर्कलिफ्ट विकायचं म्हणत होते, ते आता गप्प आहेत. मागच्या लाइटच्या वायरला काय करू? आणि माणूस सुचवायचा राहिलाच.

अवधान_वर्कशॉप (धुळे):
उंदराने खाल्लेला तुकडा कापून टाका, टेप मारू नका. नवी वायर कोरुगेटेड पाइपातून न्या आणि सीटखाली धान्य सांडू देऊ नका. मास्टवर किंवा चेसिसवर वेल्डिंग करायची वेळ आली तर आधी बॅटरीची दोन्ही टोकं काढा, नाहीतर अल्टरनेटरचे डायोड जातात.

माणसाचं म्हणाल तर नावावर जाऊ नका. फोनवर विचारा, "व्होल्टेज ड्रॉप कसा मोजता?" जो मीटर घेऊन येतो आणि पार्टचं नाव शेवटी घेतो त्याला बोलवा. पण आता तुमचं काम तर झालंच आहे.