मदत हवी आहे: डेन लोक इंग्रज कसे झाले?

नमस्कार मंडळी. इंग्लंडात स्थायिक झालेल्या व्हायकिंगांवर लेख लिहितेय, एका जागी अडलेय.

८६९ मध्ये डेन (म्हणजे डेन्मार्ककडून आलेल्या व्हायकिंगांच्या) सैन्याने पूर्व इंग्लंडातल्या ईस्ट अँग्लिया राज्याचा राजा एडमंड याला मारलं. आणि तीसेक वर्षांत त्याच डेनांच्या राज्यात संत एडमंडच्या नावाची नाणी पाडली जाऊ लागली! ८७८ च्या पराभवानंतर डेनांचा पुढारी गुथ्रम याने बाप्तिस्मा घेतला, ते राजकारण समजतं. पण घराघरांत काय घडलं?

वायव्य इंग्लंडातल्या गॉसफर्थ गावच्या दगडी क्रूसावर एका बाजूला येशू, दुसरीकडे व्हायकिंगांच्या पुराणकथांतला बांधलेला लोकी आणि त्याच्यावर ठिबकणारं विष वाडग्यात झेलणारी त्याची बायको. हे मला फार हलवून गेलं. ‘एग’ (egg), ‘विंडो’ (window), ‘दे’ (they) असे इंग्रजीतले रोजचे शब्दही नॉर्समधूनच, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेतूनच आले.

लग्नसंबंध, मुलांची नावं, दफनं यांवर सोप्या भाषेतलं काही वाचलंय का कुणी? यॉर्क शहरातल्या कॉपरगेट इथे व्हायकिंग वस्तीचं उत्खनन झालं, त्याबद्दल असेल तर आधी तेच सुचवा.