मदत हवी आहे: ड्रिफ्टसाठी ई४६, सस्पेन्शनमध्ये आधी कशाला हात घालू?

नमस्कार मंडळी,

गाडी २००३ ची बीएमडब्ल्यू ई४६ ३१८आय, दोन लिटर पेट्रोल, मॅन्युअल गिअर. राहायला राजापूर तालुक्यात, जैतापूरच्या खाडीजवळ. ड्रिफ्टिंग, म्हणजे मागची चाकं मुद्दाम घसरवत गाडी आडवी चालवणं, शिकतोय. डिफरन्शियल वेल्ड करून झालंय (मागची दोन्ही चाकं आता एकाच वेगाने फिरतात), बकेट सीट बसलीय, आता पाळी सस्पेन्शनची. मजुरी धरून ७०-८० हजार बाजूला काढलेत.

सरावाची जागा आधी सांगतो, कारण उत्तर बरंचसं त्यावर ठरेल असं वाटतं. मित्राच्या घरची एक बंद पडलेली चिरेखाण आहे. चिरे काढून झाल्यावर जांभ्याचा जो तळ उरतो तो बऱ्यापैकी सपाट आणि टणक आहे, पण त्यावर कायम लाल भुकटी असते आणि कटर फिरलेल्या रेषांच्या कडा टायरला जाणवतात. पावसाळ्यात पाणी साचून शेवाळ धरतं, त्यामुळे सराव दिवाळीनंतर ते मे पर्यंतच. घाटात किंवा हायवेवर मी हे करत नाही आणि करणारही नाही. अणुस्कुऱ्याच्या वळणावर समोरून एसटी येते, तिथे असल्या गोष्टींचा विचारसुद्धा नको.

आता त्रास काय ते. गाडी आडवी जाते, पण धरून ठेवता येत नाही. मधेच ॲक्सिलरेटर थोडा सोडला की मागची बाजू स्वतःच्या मनाने झटका देते. मी स्टिअरिंगने काही केलेलं नसताना दिशा बदलते. डावीकडून उजवीकडे पलटताना पुढची बाजू आधी झोपते, मग भानावर येते, तोवर उशीर झालेला असतो.

म्हणून गाडी वर घेऊन बघितली. मागचं चाक पुढून धरणाऱ्या ट्रेलिंग आर्मच्या बुशात, म्हणजे सांध्यातल्या रबरात, पहार घालून रेटली तर रबर फाटून आतली नळी सरळ सरकते, आणि फटीत लाल चिखल सुकून बसलाय. पुढच्या दोन्ही शॉकअपमधून तेल गळतंय. त्यावर भुकटी बसून काळपट तांबडा लेप झालाय, बोटाने खरवडला तर खाली ओलं लागतं. स्प्रिंगच्या खालच्या वाटीला गंज आहे. खाडीच्या काठी हे व्हायचंच.

ज्याला विचारावं तो सांगतो, कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा संच) टाक. मला भीती अशी की फाटक्या बुशांवर नवे कॉइलओव्हर लावले तर पैसे जातील आणि झटका तसाच राहील. शिवाय खाऱ्या हवेत त्यांच्या उंचीच्या रिंगा वर्षभरात जाम होतील. जपानी गाड्यांच्या लोकांकडून पुढे ८ आणि मागे ६ किलो प्रति मिलिमीटर अशा स्प्रिंगचा आकडा सारखा ऐकतो. तो या गाडीला चालेल का? आणि स्टिअरिंगचा लॉक, म्हणजे पुढची चाकं वळायचा कमाल कोन, वाढवण्याची घाई आत्ताच करावी का? या गाडीवर हात चालवलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद, कुडाळहून

तुमचं निदान बरोबर आहे. झटका बुशाचाच. पॉवर दिली की ट्रेलिंग आर्म पुढे ओढला जातो, सोडली की मागे येतो, आणि मागच्या चाकाचा टो (वरून बघता चाक आत-बाहेर वळलेलं असण्याचा कोन) प्रत्येक वेळी बदलतो. मागची चाकं जणू स्वतःच वळतात. स्प्रिंग कितीही कडक करा, हे थांबणार नाही.

पण बुशाच्याही आधी डिकीतला गालिचा उचला. ई४६ ला मागचा सबफ्रेम (मागचं सस्पेन्शन आणि डिफ धरणारी चौकट) जिथे बोल्ट होतो तिथला फ्लोअरचा पत्रा तडकतो, हे या मॉडेलचं माहितीतलं दुखणं आहे. वेल्ड केलेलं डिफ त्याच जागेवर आणखी ताण देतं. खालूनही घासून, दिवा लावून बघा. क्लच सोडताना मागून टक्‌ असा आवाज येत असेल तर नक्कीच बघा. तडा दिसला तर सगळे पैसे आधी तिथे: सबफ्रेम उतरवून जोडपत्रे वेल्ड करायचे, वर गंजरोधक लावायचं. बाकी सगळं थांबू शकतं, हे नाही.

पत्रा धड असेल तर मागचे बुश रबराचेच घ्या, दोन्ही बाजूंना आडवी हालचाल रोखणारे लिमिटर वॉशर लावून. तो आर्म वर-खाली होताना पिळतोही, पॉलियुरेथेन तिथे अडतं, असा माझा अनुभव. काढण्यापूर्वी ब्रॅकेटच्या बोल्टांभोवती खूण करा, कारण मागचा टो त्याच लांबट भोकांवर सेट होतो. पुढे लोअर आर्मचे मागचे बुश आणि बॉलजॉइंट बदला. तिथे पॉलियुरेथेन चालतं.

मग चांगले शॉकअप आणि थोड्याच कडक स्प्रिंग. चिरेखाणीवर पकड कमी, खडबड जास्त. चाक जमिनीला चिकटून राहायला हवं, म्हणून गाडी खाली बसवू नका. ८ आणि ६ चा आकडा सोडून द्या. तुमच्या गाडीत मागची स्प्रिंग शॉकअपवर नाही, वेगळी, आर्मवर चाकापासून आत बसते. चाक १० मिलिमीटर हललं आणि स्प्रिंग समजा ७ च दबली, तर चाकाला मिळणारा कडकपणा ०.७ चा वर्ग, म्हणजे निम्म्याच्या आसपास येतो. दुसऱ्या गाडीचा आकडा म्हणून इथे लागू होत नाही.

अलाइनमेंटला कंजुषी नको. पुढे उणे अडीच ते ३ अंश कॅम्बर (चाकाचा उभा कल, उणे म्हणजे माथा आत), टो किंचित बाहेर. उलट लॉक दिल्यावर कॅस्टरमुळे (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कल) बाहेरचं पुढचं चाक वरच्या बाजूला बाहेर कलतं, तेवढं आधीच आत कललेलं असलं की टायर सपाट टेकतो. स्ट्रटच्या माथ्यावरची बारीक पिन काढली की थोडा कॅम्बर फुकटात मिळतो. मागे कॅम्बर उणे १ च्या आत, टो शून्य किंवा किंचित आत. १४३ हॉर्सपॉवरच्या गाडीला मागे फार चिकट टायर लावू नका, चाक सुटणारच नाही.

लॉकचं नंतर. रॅकवरचे स्पेसर स्वस्तात येतात, पण पूर्ण लॉकला टायर कुठे घासतो ते बघूनच. सध्याच्या लॉकमध्ये धरायला जमलं की मगच. आणि गाडी रस्त्यावरही चालवणार असाल तर मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ वाचून ठेवा.

धागाकर्ता

मनापासून आभार दादा. गालिचा आजच उचलला. डाव्या पुढच्या माउंटजवळ सीलर केसाएवढा फाटलाय, पत्रा तडकलाय की फक्त सीलर ते खरवडल्याशिवाय कळणार नाही. उद्या खरवडतो आणि फोटो टाकतो.

दोन गोष्टी विचारतो. बुश ओढून काढायचा पुलर कुडाळ किंवा रत्नागिरीच्या बाजूला कोणाकडे भाड्याने मिळेल का, की लेथवाल्याकडून बनवून घेऊ? आणि मागचा टो नीट मोजणारं अलाइनमेंट मशीन कोल्हापूरला कुठे आहे, जिथे "ही गाडी कंपनीच्या आकड्यावरच लावणार" असं सांगून परत पाठवणार नाहीत?