ओंकारचं प्रोजेक्ट आणि आठ वाजताचा इसुदान

ओंकार (ब-४०४): सगळ्यांना नमस्कार. युनिव्हर्सिटीत पत्रकारितेच्या प्रोजेक्टला विषय आलाय, 'टीव्हीवरून राजकारणात गेलेला निवेदक'. मी गुजरातचे इसुदान गढवी घेतोय. तेव्हा मी शाळेत होतो, त्यांचा 'महामंथन' हा चर्चेचा कार्यक्रम कधी नीट पाहिला नाही. ज्यांनी रोज पाहिलंय त्यांनी सांगाल का, लोक एवढं का बघायचे?

सुमनकाकू (अ-१०२): आमच्याकडे रात्री आठला व्हीटीव्ही, म्हणजे ते गुजराती बातम्यांचं चॅनल, लागलं की रिमोटला हात लावायची कुणाची टाप नव्हती. तुझे काका पानावर बसलेत आणि भात गार होतोय, हे रोजचंच. बोलणं अगदी साधं, गावाकडचं गुजराती. शेतकऱ्याचं नुकसान, पीकविमा, पोरांच्या अडकलेल्या भरत्या. स्टुडिओत बसलेला माणूस वाटायचाच नाही, ओट्यावर बसून भांडणारा शेजारी वाटायचा.

पराग (क-३०१): काकू, निवेदक कमी आणि वकील जास्त. निकाल आधीच ठरलेला, मग चर्चा.

सुमनकाकू: असेल. पण वकील आमच्या बाजूचा होता ना!

सेक्रेटरी: 🙏 ग्रुपवर राजकीय पोस्ट टाकायची नाही हा नियम मागच्या मीटिंगमध्येच झालाय. कृपया पाळा.

ओंकार: काका, कॉलेजचं काम आहे हो. प्रचार नाही.

सेक्रेटरी: मग ठीक. पण फॉरवर्ड नको, स्वतःचं लिहा.

नाना (अ-२०१): ओंकार, आधी पाया घे. जन्म १९८२चा, देवभूमी द्वारका जिल्ह्यात खंभाळियाजवळचं पिपळिया गाव, शेतकरी घर. पत्रकारिता शिकला ती अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात, गांधीजींनी काढलेल्या. मग दूरदर्शनच्या 'योजना' कार्यक्रमात काम, पुढे ईटीव्ही गुजरातीसाठी पोरबंदरला बातमीदारी. डांग आणि कपराडाच्या जंगलातल्या बेकायदा झाडतोडीची बातमी त्याने लावून धरली, त्याने नाव झालं. २०१५ नंतर व्हीटीव्हीचा संपादक. म्हणजे तोंडाला पावडर लावून थेट खुर्चीत बसलेला नव्हे. धूळ खाऊन आलेला.

पराग: नाना, तुम्ही पण फॅन निघालात!

नाना: फॅन नाही रे. माझं म्हणणं उलटंच आहे. सांगतो, जरा चहा होऊ दे.

मीनल (ब-२०३): टाकी भरून वाहतेय. मोटर कुणी चालू ठेवली?

सेक्रेटरी: बंद करतो.

ओंकार: नाना, झाला का चहा? 😀

नाना: झाला. बघ, जून २०२१ मध्ये त्याने चॅनल सोडलं आणि त्याच महिन्यात केजरीवालांच्या हजेरीत अहमदाबादला 'आप'मध्ये गेला. त्याच वर्षी डिसेंबरात सरकारी भरतीतला हेड क्लार्कचा पेपर फुटला. गांधीनगरला भाजपच्या 'कमलम' या प्रदेश कार्यालयावर मोर्चा नेला, अटक झाली, काही दिवस तुरुंगातही काढले. मग ४ नोव्हेंबर २०२२ला तो मुख्यमंत्रिपदाचा चेहरा म्हणून जाहीर झाला. कसा? फोन, एसएमएस, व्हॉट्सॲप, ईमेल यावर लोकांची मतं मागवून. पक्षाच्या सांगण्याप्रमाणे साडेसोळा लाखांच्या आसपास लोकांनी कळवलं आणि त्यातली ७३ टक्के मतं याला. पंजाबात भगवंत मान यांना असंच निवडलं होतं, तेही टीव्हीवरचेच, विनोदी कलाकार.

आता तारखा जोड. तो विधानसभेला उभा खंभाळियातून, तिथलं मतदान १ डिसेंबरला. महिनासुद्धा नाही हातात. त्यात मुख्यमंत्रिपदाचा चेहरा म्हटल्यावर राज्यभर सभा. मग स्वतःच्या गल्लीत कोण फिरणार?

पराग: आणि हरला. १८,७४५ मतांनी. भाजपचे मुळूभाई बेरा आले.

नाना: आकडे पूर्ण दे. बेरा ७७,८३४, गढवी ५९,०८९ आणि काँग्रेसचे विक्रम माडम, जे तिथले चालू आमदार होते, ते ४४,७१५. म्हणजे चालू आमदाराला मागे टाकून दुसरा आला. बेरा आणि माडम दोघंही आहीर, त्या भागातला मोठा समाज. हा गढवी, म्हणजे चारण. आहीर मतं दोघांत फुटली तरी तिसऱ्याला जागा झाली नाही.

सुमनकाकू: पण आम्ही सगळे बघायचो ना त्याला!

नाना: तिथंच तर गोम आहे, काकू. तुम्ही बघायचात बडोद्यात बसून. कुणी भुजला, कुणी वलसाडला. सगळे मिळून लाखो झाले, पण खंभाळियात त्यातले किती? टीआरपीला अख्खं राज्य एकत्र मोजतात, मत मात्र एकाच मतदारसंघात पडावं लागतं. ती साडेसोळा लाखांची फोनाफोनीसुद्धा राज्यभर विखुरलेली. पक्षाला ४१ लाखांवर मतं मिळाली, जवळजवळ १३ टक्के. त्या जोरावर पुढच्या एप्रिलात 'आप' राष्ट्रीय पक्षही झाला. पण जागा पाच. भाजपच्या १५६.

मीनल: माझ्या माहेरी इंदूरलासुद्धा तेव्हा चर्चा होती की गुजरातेत काहीतरी होणार म्हणून. टीव्हीवर तसंच दिसत होतं.

पराग: टीव्हीवर टीव्हीवाल्याचं चांगलंच दिसणार.

सेक्रेटरी: नियम माझाच आहे, तरी एक बोलतो. आशुतोष आठवतात का? आयबीएन७चे. चांदनी चौकातून २०१४ला पडले, नंतर पक्षही सोडला. शाझिया इल्मी स्टार न्यूजवर होत्या. २०१३ला दिल्लीत आर. के. पुरममधून ३२६ मतांनी पडल्या, पुढे भाजपमध्ये. सुप्रिया श्रीनेत ईटी नाऊच्या, २०१९ला महाराजगंजमधून पडल्या. ही बातम्यावाली मंडळी निवडून का येत नाहीत?

पराग: सेक्रेटरीसाहेब, हे राजकीय नाही का? 😂

सेक्रेटरी: हे सामान्यज्ञान आहे.

सुमनकाकू: अरे, पण टीव्हीवरची सीता आपल्या बडोद्यातूनच निवडून आली की! दीपिका चिखलिया, १९९१. मी रावपुऱ्यात होते तेव्हा. प्रचाराला आली तर बायका ओवाळायला ताट घेऊन उभ्या. आमच्या सासूबाई पदर डोक्यावर घेऊन नमस्कार करत होत्या. मत कुणाला दिलंत विचारलं तर म्हणे, सीतामाईला. पक्षाचं नावही घेतलं नाही. आणि समोर कोण, तर रणजितसिंह गायकवाड! बडोद्यात गायकवाडांना हरवणं म्हणजे काय, हे आजच्या पोरांना नाही कळायचं.

ओंकार: काकू, हे भारी आहे! पण त्या नटी होत्या, निवेदक नाही. विषयात बसेल का?

सुमनकाकू: बसव. फरक हाच तर आहे. सीतेपुढे लोक हात जोडायचे, काही मागायचे नाहीत. इसुदानकडे लोक तक्रारी घेऊन यायचे. रोज तक्रार ऐकणाऱ्याकडून अपेक्षा जास्त. आणि रामायण घरोघर एकाच श्रद्धेने बघितलं गेलं, चर्चेच्या कार्यक्रमात अर्धी माणसं चिडूनच बसलेली असतात. आपले परागभाऊ बघ.

पराग: मी चिडत नाही, मी प्रश्न विचारतो.

नाना: काकूंचा मुद्दा सोळा आणे. मी एक जोडतो, १९९६ला हीच जागा काँग्रेसच्या सत्यजितसिंह गायकवाडांनी जिंकली ती फक्त १७ मतांनी. सतरा! पाच वर्षांपूर्वी सीतामाई, आणि आता एका वाड्यातली माणसं लग्नाला गेली असती तरी निकाल फिरला असता. लाटेवर आलेली जागा राखायला बूथवरची माणसं लागतात. मी मास्तर होतो, किती निवडणुकांची ड्यूटी केली. सकाळी मॉक पोलला, म्हणजे यंत्राच्या चाचणी मतदानाला, कोणत्या पक्षाचा एजंट वेळेवर हजर, संध्याकाळी झालेल्या मतांची नोंद असलेल्या १७-सी फॉर्मची प्रत घ्यायला कोण थांबतो, यावरून मला निकालाचा अंदाज यायचा. चेहरा कुणाचा हे बघायची गरज पडत नसे.

ओंकार: म्हणजे निवेदकाने राजकारणात जाऊच नये?

नाना: असं कुठं म्हटलं? हरल्यावर जानेवारी २०२३ मध्ये तो प्रदेशाध्यक्ष झाला, म्हणजे आता तेच काम करायचं जे चॅनलमध्ये कधी करावं लागलं नव्हतं, गावोगाव माणसं उभी करणं. गंमत पुढे आहे. मुख्यमंत्रिपदाच्या त्या पसंतीत ज्यांच्यावर त्याने मात केली ते 'आप'चेच गोपाल इटालिया, तेही २०२२ला कतारगाममधून हरले होते. पण जून २०२५ला विसावदरची पोटनिवडणूक १७,५५४ मतांनी जिंकून ते आमदार झाले. फोनवरचा दुसरा नंबर विधानसभेत पोचला.

पराग: हे मात्र मानलं, नाना.

मीनल: ओंकार, इसुदानची मुलाखत घ्यायचा प्रयत्न कर ना. प्रोजेक्टला वजन येईल.

ओंकार: पक्षाच्या ऑफिसला मेल टाकणार आहे. पहिला प्रश्न काय विचारू?

नाना: विचार, "१ डिसेंबर २०२२ला खंभाळियात तुमचे किती बूथ एजंटशिवाय होते?" आकडा सांगितला तर तो राजकारणी झाला असं समज. भाषण केलं तर अजून निवेदकच आहे.

पराग: आणि मध्ये बोलायला जागा ठेव. हे अँकर लोक समोरच्याला वाक्य पुरं करू देत नाहीत.

सुमनकाकू: परागभाऊ, मीटिंगमध्ये तुम्ही तरी कुठे देता! ओंकार, उद्या चारला घरी ये. १९९१चं सगळं नीट सांगते. टाइप करून अंगठा दुखला.

सेक्रेटरी: मोटर बंद केली आहे. मेंटेनन्स ज्यांचा बाकी आहे त्यांनी चर्चेत भाग घेतला तसा तोही भरावा.